रायगड किनाऱ्यावरील पारंपरिक घरे व अतिथिनिवास

महाराष्ट्राच्या रायगड (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून आढळणारी उतरत्या छपरांची घरे आणि त्या घरांत पाहुण्याला उतरवून घेण्याची प्रथा यांचा विचार एकत्रच करावा लागतो. या घरांची रचना पाऊस, वारा व बागायत यांच्या गरजांतून जशी घडली, तशीच ‘परक्याने घरात कोठवर यावे’ या सामाजिक नियमातूनही घडली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी अनेक घरे पर्यटकांना मोबदला घेऊन राहण्यासाठी खुली झाली आहेत. त्यामुळे काही घरे पडण्यापासून वाचली. परंतु ज्या नियमावर त्यांची रचना उभी होती, तो नियमच बदलला. या घरांच्या अलीकडील इतिहासाचे मर्म या बदलात आहे.

वसाहतीची पार्श्वभूमी : सह्याद्री व अरबी समुद्र यांमधील या पट्टीत समुद्रालगतची जमीन वाळूमिश्रित असून थोड्या खोलीवर गोडे पाणी लागते. त्यामुळे किनाऱ्याला समांतर अशा बागायती गावांची साखळी तयार झाली. अलिबाग तालुक्यातील थळ, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा इ. गावांच्या परिसरास ‘अष्टागर’ म्हणतात. दक्षिणेस मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन व हरिहरेश्वर येथे हाच प्रकार आढळतो. दिवेआगर येथे सापडलेल्या शिलाहारकालीन ताम्रपटात (शके ९८२, इ. स. १०६०) तेथील ब्राह्मण वस्तीचा उल्लेख आहे, यावरून या गावांची प्राचीनता लक्षात येते.

ही वस्ती एकजिनसी नव्हती. बागायतदार ब्राह्मण, माळी व भंडारी, भातशेती व मिठागरे करणारे आगरी, मासेमारी करणारे कोळी, मुरूड-श्रीवर्धन भागातील कोकणी मुसलमान आणि तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल असे अनेक समाज येथे शेजारीशेजारी, पण आपापल्या आळीत राहत. परंपरेनुसार बेने इस्राएलांचे पूर्वज नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले. गावांच्या नावांवरून पडलेली चौलकर, केहिमकर, नागावकर यांसारखी त्यांची आडनावे आणि अलिबागमधील इस्राएल आळी त्यांच्या येथील दीर्घ वास्तव्याची साक्ष देतात. राजकीय दृष्ट्या चौल-रेवदंडा दीर्घकाळ पोर्तुगीजांकडे (१७४० पर्यंत), अलिबाग आंग्र्यांकडे (१८४० पर्यंत) आणि मुरूड-श्रीवर्धनचा भाग जंजिऱ्याच्या सिद्दीकडे (१९४८ पर्यंत) होता. पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ (कार. १७१३–२०) हा श्रीवर्धनच्या भट घराण्यातील होय.

चौल हे बंदर असल्याने परदेशी प्रवाशांचा राबता जुना आहे. रशियन व्यापारी अफानासी निकितिन हा सु. १४७० मध्ये चौलला उतरून जुन्नरकडे गेला. या देशात परके व्यापारी निवासस्थानी उतरतात आणि त्यांचे अन्न तेथील स्त्रिया शिजवितात, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात नोंदविले आहे. उतारूला आसरा देणे व त्याच्या जेवणाची व्यवस्था घरातील स्त्रीवर असणे, ही पुढे आजपर्यंत टिकलेली दोन वैशिष्ट्ये त्या नोंदीत दिसतात.

घराची रचना : किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून घराचे जोते उंच, छपराचा उतार तीव्र आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील अशा बेताने पुढे काढलेली पाखी, हे या घरांचे मुख्य विशेष होत. जोत्यासाठी उत्तरेकडे काळा दगड व दक्षिणेकडे जांभ्याचा चिरा वापरीत. भिंती दगडमातीच्या किंवा चिऱ्याच्या असत. खांब, तुळया व आढे यांसाठी साग, ऐन व फणस यांचे लाकूड, तर वासे व रिपा यांसाठी बांबू आणि पोफळीचे चिरफळलेले खोड उपयोगात येई. सामान्य कुटुंबाचे घर कुडाच्या भिंतीचे आणि भाताच्या पेंढ्याने किंवा झावळ्यांनी शाकारलेले असे. संपन्न घरांवर नळीची कौले असत व ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चाळून पुन्हा बसवावी लागत. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी मंगळुरी कौले समुद्रमार्गे कोकणातील बंदरांत येऊ लागली. ती एकमेकांत अडकून बसत असल्याने दरसालची चाळणी कमी झाली आणि घरांचे बाह्यरूप पालटले. आज ‘जुने कोकणी घर’ म्हणून जे लाल छप्पर डोळ्यांपुढे येते, ते अशा रीतीने बव्हंशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे आहे.

जमिनीचा तुकडा सामान्यतः अरुंद व लांब असे. रस्त्याच्या बाजूस बेडे (आडव्या काठ्यांचे फाटक), आत सारवलेले अंगण व तुळशीवृंदावन, त्यामागे घर आणि घरामागे वाडी असा क्रम असे. वाडीत विहीर, तिच्यावर बैलाने फिरविला जाणारा रहाट, पाणी पडण्यासाठी दगडी डोण व तेथून झाडांच्या आळ्यांपर्यंत गेलेले पाट असत. श्रीवर्धनची रोठा सुपारी अशा वाड्यांतून होते. घरात शिरताना प्रथम पडवी, मग तीहून उंच अशी ओटी, नंतर माजघर, त्याला लागून देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली व बाळंतिणीची खोली, शेवटी मागील पडवी व परसू असा क्रम आढळतो. माजघरावर माळा असून त्यावर भात, नारळ, सुपारी व आगोटीची (पावसाळ्यासाठी करून ठेवलेल्या साठ्याची) इतर जिन्नस ठेवीत. चुलीचा धूर माळ्यावरून छपरात पसरत असल्याने वासे व बांबू किडीपासून सुरक्षित राहत. घर सतत वापरात असणे हाच त्याच्या टिकाऊपणाचा आधार होता. चूल विझली, सारवण थांबले व कौले चाळणे राहिले, की दोनतीन पावसाळ्यांत असे घर खचू लागते.

पाहुणा आणि घराच्या मर्यादा : पडवी, ओटी व माजघर या केवळ खोल्या नव्हत्या, तर त्या प्रवेशाच्या पायऱ्या होत्या. ओळखीच्या व समान प्रतिष्ठेच्या पाहुण्याला ओटीवर बसवून पाय धुण्यास पाणी व मग गूळपाणी देत. त्याची झोपण्याची व्यवस्था ओटीवर किंवा माळ्यावर होई. कूळ, गडी व इतर जातींचे लोक पडवीपर्यंत येत. अस्पृश्य मानलेल्यांना अंगणाच्या कडेला थांबावे लागे आणि विहिरीला त्यांचा स्पर्श होऊ दिला जात नसे. माजघर व त्यापलीकडचा भाग स्त्रियांचा व आप्तांचा होता. मुसलमान घरांतही बाहेरची बैठक व आतील जनानखाना असा भेद होता. कोळी व आगरी घरे लहान असल्याने असा दीर्घ क्रम त्यांत नव्हता. तेथे ओटी व आतील एकदोन खोल्या एवढाच विस्तार असे.

म्हणून कोकणच्या आतिथ्याचे वर्णन करताना ते सर्वांसाठी सारखे होते असे म्हणता येत नाही. याच जिल्ह्यात महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक तळ्याविषयीचा तो लढा आणि घरोघरच्या विहिरी व पडव्या यांचे नियम ही एकाच समाजव्यवस्थेची अंगे होती.

देवस्थानांच्या गावी पाहुण्यांचा आणखी एक प्रकार होता. ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या हरिहरेश्वर येथे धार्मिक कृत्यांसाठी येणारे यात्रेकरू उपाध्यायांच्या घरी उतरत व तेथेच जेवत. त्याचा मोबदला दक्षिणेच्या रूपाने दिला जाई. आजच्या घरगुती निवासव्यवस्थेचे हे सर्वांत जवळचे पूर्वरूप म्हणता येईल.

आर्थिक आधार व त्याचा ऱ्हास : मोठ्या घरांचा खर्च केवळ वाडीच्या उत्पन्नावर चालत नसे. अनेक घराण्यांना खोतीचे व सावकारीचे उत्पन्न होते आणि कुळांकडून येणारे भात त्यांच्या कोठ्यांत साठे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. हा संप सु. सहा वर्षे चालला. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. खोती १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली आणि कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कुळांना जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. न्यायाच्या दृष्टीने ही आवश्यक सुधारणा होती. तिच्यामुळे मोठ्या घरांचा जुना आधार मात्र गेला.

याच सुमारास नोकरीसाठी मुंबईला जाणाऱ्यांची संख्या वाढत होती. गावचे घर सणावारापुरते उघडले जाऊ लागले. घरी येण्याचा मार्ग मुख्यतः समुद्राचा होता व तो धोक्याचाही होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडून सहाशेहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. कोकणी मुसलमान कुटुंबांतील पुरुष आखाती देशांत नोकरीस गेले. वाटणीपत्रांनी घरांचे हिस्से झाले. दहा वारसांच्या नावे असलेल्या घराचे छप्पर कोणी दुरुस्त करावयाचे, हा प्रश्न अनेक ठिकाणी सुटला नाही.

घरगुती अतिथिनिवासाचा उदय : काही घरे थोरांच्या वास्तव्यामुळे स्मारके म्हणून पाहिली जातात. जिल्ह्याच्या अंतर्भागातील गागोदे येथील विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचे व शिरढोण येथील वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांचे जन्मस्थान ही त्याची उदाहरणे होत. अशा घरांचे जतन त्यांतील व्यक्तीच्या स्मृतीसाठी होते. किनाऱ्यावरील राहती घरे मात्र वेगळ्या कारणाने बाहेरच्यांसाठी उघडली गेली.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. त्यानंतरच्या काळात रस्ते व खाड्यांवरील पूल सुधारले. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंतच्या बोटींमुळे अलिबाग परिसर शनिवार-रविवारच्या प्रवासाचे ठिकाण बनला. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी बोटसेवाही सुरू झाली. दिवेआगर येथे नोव्हेंबर १९९७ मध्ये एका वाडीत खोदकाम करताना सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि त्याच्या दर्शनासाठी येणाऱ्यांची रीघ लागली. गावात खानावळी व निवासगृहे जवळजवळ नव्हती. त्यामुळे लोकांनी आपल्या घराच्या खोल्या व जेवणाची पंगत पाहुण्यांसाठी खुली केली. २०१२ मध्ये दरोडा पडून मुखवटा चोरीस गेला, तेव्हा पाहुण्यांची संख्या घटली व गावाच्या उत्पन्नालाही फटका बसला. जप्त झालेल्या सोन्यातून घडविलेल्या नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना २०२१ मध्ये झाली.

पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने अशा घरगुती व्यवस्थेला शासकीय मान्यता मिळवून दिली. घरमालकाने आपल्या राहत्या घरातील काही खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, असे तिचे स्वरूप आहे. किनारी प्रदेशातील बांधकामावर १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने निर्बंध आले होते. पुढे १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरील स्थानिक रहिवाशांना आपल्या घरात अतिथी ठेवण्याची मुभा दिली. त्यासाठी घराचे जोते, रचना व दर्शनी भाग बदलू नये, अशी अट घातलेली आहे. पारंपरिक घराच्या स्वरूपाचा कायद्याने केलेला हा एक अप्रत्यक्ष स्वीकार होय.

या व्यवसायाचा भार मुख्यतः घरातील स्त्रियांवर असतो. उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, सोलकढी किंवा कोळी घरांतील मासळीचे जेवण ही पाहुण्यांची मोठी अपेक्षा असते. पूर्वी मोजले न जाणारे हे श्रम आता मोबदल्यास पात्र ठरले आणि अनेक ठिकाणी स्त्रीच व्यवहाराची सूत्रधार झाली. दुसरीकडे, पूर्वी केवळ तिच्यासाठी असलेले माजघर परक्यांच्या वावराचे ठिकाण झाले. मोबदला देणाऱ्याला ओटीवर थांबविता येत नाही. तसेच त्याची जातही विचारता येत नाही. सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून प्रवेश नाकारण्यास राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने मनाई केली, तरी घराच्या उंबऱ्यावर तो नियम चालत नव्हता. घर हाच व्यवसाय झाल्यावर उंबऱ्याचा जुना नियमही सैल झाला. हा या व्यवस्थेचा सर्वांत दूरगामी सामाजिक परिणाम मानावा लागतो.

रचनेतील बदल व चक्रीवादळ : पाहुण्यांसाठी प्रत्येक खोलीला जोडून स्नानगृह लागते, त्यामुळे मागील पडवी मोडून पक्क्या खोल्या बांधण्याचा प्रघात पडला. सारवलेल्या जमिनीची जागा फरशीने व माळ्याची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतली. वाडीतील झाडे तोडून वाहनतळ करण्याचेही प्रकार घडले. काही ठिकाणी जुने घर पाडून त्याच्या जागी त्याच्यासारखी दिसणारी नवी इमारत उभी राहते व तिच्यावर कौले केवळ शोभेसाठी असतात. अलिबाग भागात जमिनीच्या किमती वाढल्याने वाडी विकणे हे ती राखण्यापेक्षा फायद्याचे ठरू लागले.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी. होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड व अलिबाग या भागांत कौले व पत्रे उडाले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला उत्पन्न देण्यास पाच ते आठ वर्षे लागतात, नारळाला साधारण तेवढाच किंवा अधिक काळ लागतो. त्याच वर्षी कोविड-१९ च्या साथीमुळे पर्यटनही बंद होते. म्हणजे घराचे दोन्ही आधार, वाडी व पाहुणा, एकाच वेळी गेले. छपराची डागडुजी करताना कौलांऐवजी पत्रे घालण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. तो स्वस्त व त्वरित होणारा असल्याने त्यास दोष देता येत नाही. परंतु पत्र्याखाली माळ्यावर उष्णता वाढते व छपरातून होणारे वायुवीजन थांबते.

तुलनात्मक विचार : राहत्या पारंपरिक घरांत पाहुणे ठेवण्याचा प्रश्न अन्यत्रही उद्भवला आहे. दक्षिण कोरियातील ‘हानोक’ हे लाकडी सांगाडा, मातीच्या भिंती व वळणदार कौलारू छप्पर असलेले घर होय. जमिनीखालून उष्णता खेळविणारी ‘ओंदोल’ ही रचना थंडीसाठी व फळ्यांची उघडी ‘मारू’ उन्हाळ्यासाठी असते. कोकणी ओटी व मारू यांत साम्य आहे. तसेच सधन घरांत पुरुषांची बाहेरची व स्त्रियांची आतली दालने वेगळी असत, हेही येथील ओटी-माजघराशी जुळणारे आहे. सोल शहरातील बुकचोन भागात दोन राजवाड्यांच्या मधोमध अशा घरांची वस्ती आहे. तिच्यातील बरीच घरे १९२०–४० या काळात मोठ्या वाड्यांच्या जमिनी विभागून बांधलेली आहेत. नगरप्रशासनाने २००१ पासून नोंदणी झालेल्या हानोकांच्या दुरुस्तीस अर्थसाहाय्य दिले. तेथे आणि चोंजू शहरातील हानोक वस्तीत मुक्कामासाठी व पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दी होऊ लागली. गर्दी व गोंगाट यांमुळे बुकचोनमधील रहिवासी मात्र त्रस्त झाले. शेवटी प्रशासनाने नोव्हेंबर २०२४ पासून सर्वाधिक गजबजलेल्या भागात सायंकाळी पाच ते सकाळी दहा या वेळात पर्यटकांना प्रवेशबंदी केली व मार्च २०२५ पासून नियमभंगासाठी १ लाख वॉन दंड ठरविला.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जुन्या घराच्या दुरुस्तीचा खर्च एकट्या कुटुंबाला पेलत नसेल, तर सार्वजनिक निधीचा वाटा आवश्यक ठरतो. केवळ पाहुण्यांच्या पैशावर घर राखावयाचे ठरविल्यास ते पाहुण्यांच्या सोयीप्रमाणे बदलत जाते. दुसरी गोष्ट अशी, की रहिवासी निघून गेल्यास उरते ती वस्ती नव्हे, तर देखावा. रायगड किनाऱ्यावर बुकचोनइतकी दाटी नाही. तथापि सुट्यांच्या काळात रस्ते, पाणी व कचरा यांवरील ताण येथेही जाणवतो.

सद्यःस्थिती : किनाऱ्यावरील जी घरे आज चांगल्या स्थितीत आढळतात, त्यांपैकी अनेक घरांत कुटुंब स्वतः राहते, वाडीचे उत्पन्न घेते आणि त्याला जोड म्हणून पाहुणे ठेवते. तिन्हींपैकी केवळ पाहुणे उरले, की घराचे निवासगृह होते. पाहुणे व वाडी दोन्ही गेली, की घराला कुलूप लागते. जुन्या ओटीचा प्रवेशविषयक भेदभाव परत आणणे कोणासही मान्य होणार नाही. तथापि ओटी, माजघर व माळा यांची पाऊस-वाऱ्याशी जुळवून घेणारी रचना त्या भेदभावापासून वेगळी करून राखता येण्याजोगी आहे. मात्र चिऱ्याचे काम करणारे गवंडी, कौले चाळणारे कारागीर व लाकडी सांधे बसविणारे सुतार यांची संख्या घटत आहे. ही कारागिरी पुढच्या पिढीकडे गेली नाही, तर निधी व पाहुणे असूनही दुरुस्ती करणारा हात मिळणार नाही.